नात्याची गांठ आणि कर्जाची गांठ

(कुटुंबांत व सभेंत वाचावयाचा पाठ)

मनुष्य आपल्या आप्तांशीं कशानें जोडलेला असतो असें कोणी विचारिलें, तर आपण चटकन् "रक्तानें" असें उत्तर देऊं. परंतु हें उत्तर पुरतें नाहीं. एकाच आजोबांचीं दोन नातवंडें, एक बोईसरच्या कारखान्याजवळील चाळींत वाढलेलें व दुसरें डोंगराकडील पाड्यावर राहिलेलें, वीस वर्षांनीं एखाद्या लग्नांत समोरासमोर आलीं, म्हणजे तीं एकमेकांचें नांव विचारितात, आणि पुढें काय बोलावें तें दोघांसही सुचत नाहीं. रक्त तर एकच आहे. उलट, ज्यांनीं लहानपणीं एका चिखलांत उभें राहून भाताचीं रोपें लाविलीं, एका आजीजवळ बसून तीच गोष्ट दहा वेळां ऐकिली, ते चुलत-चुलत असले तरी "तुला आठवतें काय?" एवढ्या वाक्यावर सारी रात्र काढितात. यावरून असें दिसतें कीं, रक्त नातें देतें, पण त्या नात्याला गांठ मारण्याचें काम दुसरें कांहीं तरी करीत असतें. तें दुसरें काय, आणि तें आपल्या घरीं जिवंत कसें राहील, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

उदाहरणें दूरचीं आणण्याचें कारण नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यापासून वेगळा झालेला आपला पालघर जिल्हाच पाहा. पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, मध्यें आगगाडीचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या व समुद्राच्या मध्यें बोईसर-तारापूरचे कारखाने. डोंगराचीं माणसें, समुद्राचीं माणसें आणि कारखान्याचीं माणसें येथें एकाच बाजारांत भेटतात. नातीं कशीं टिकतात व कशीं सुटतात, हें पाहावयास हें ठिकाण पुरेसें आहे.

प्रथम वारली लग्नघराकडे चला. कारवीच्या कुडाला शेणमातीनें सारवितात व त्यावर गेरूचा हात देतात. तांदूळ भिजवून वाटतात आणि त्याचें पांढरें पाणी करितात. बांबूची काडी टोंकाशीं चावून तिचाच कुंचला होतो. मग सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. वारली बोलींत चित्र काढीत नाहींत, लिहितात. हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चौकाच्या मध्यें पालघट देवीची आकृति असते, भोंवतीं नक्षीच्या पट्ट्या असतात, आणि सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोडा, झाडें, नाचणारीं माणसें अशीं नाना चित्रें असतात. धवलेरी नांवाची स्त्री लग्नाचीं गाणीं म्हणते, आणि लग्न लागतें तें तिच्या मुखानें. यांतील पूजेविषयीं ज्याची श्रद्धा त्याच्यापाशीं. आपल्याला येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, त्या भिंतीजवळ कोण कोण बसलें आहे.

तांदूळ वाटणारी मावशी आहे. काडी चावून देणारी मोठी बहीण आहे. वाटी धरून उभी असलेली सात-आठ वर्षांची पोर आहे. त्या पोरीला कोणी बसवून शिकवीत नाहीं. ती वाटी धरिते, कोपऱ्यांतली एखादी रेघ ओढिते, ती वांकडी झाली तर मावशी हंसते व वरून दुसरी ओढिते. पुढें ती सासरीं जाते, म्हातारी होते, आणि दुसऱ्या कोणाच्या लग्नांत काडी हातीं घेतली कीं तिला ती मावशी आठवते. तिची आठवण डोक्यांत जितकी असते, त्याहून अधिक तिच्या बोटांत असते.

हें चित्र टिकत नाहीं. पावसाळ्याची ओल येते, कूड पुन्हां सारवावा लागतो, आणि चौक पुसला जातो. शहरांतील मनुष्य हें ऐकून हळहळेल. परंतु थोडा विचार करा. चित्र कायमचें टिकतें तर तें एकदांच लिहून झालें असतें, आणि पुढच्या लग्नाला मावशीस बोलाविण्याचें कारण उरलें नसतें. तें पुसलें जातें म्हणूनच हात पुन्हां गोळा करावे लागतात. गाण्याचेंही तसेंच. धवलेरी पुस्तकांतून शिकत नाहीं. जुन्या धवलेरीमागें बसून, तिच्या ओळीमागें ओळ म्हणत म्हणत ती तयार होते. एखाद्या पाड्यांतील म्हातारी धवलेरी शिष्येवांचून गेली, तर तिच्याबरोबर काय काय गेलें याचा हिशेब करणारेंही कोणी उरत नाहीं.

याच भागांतील एका मनुष्याची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. डहाणू तालुक्यांत गंजाडजवळ राहणारे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. आई लहानपणींच गेली, आणि त्या दुःखानें मुलाचें बोलणें बंद झालें. तो धुळींत बोटानें चित्रें काढून आपलें म्हणणें सांगे. चौक लिहिणें हें तोंवर बायकांचें काम होतें. या मुलानें तें आपल्या हातीं घेतलें. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार या भागांत आले व त्यांनीं वारली स्त्रीपुरुषांस कागदावर चित्रें लिहिण्यास उत्तेजन दिलें. म्हसे यांचीं चित्रें देशोदेशीं गेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार झाले. आईवांचून मुकें झालेलें मूल बायकांच्या हातच्या कलेनें पुन्हां बोलकें व्हावें, आणि तीच कला पुढें त्याच्या मुलांच्या हातीं जावी, यापेक्षां आपल्या विषयाचें अधिक स्पष्ट उदाहरण मला सुचत नाहीं. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. विकावयाचें चित्र मनुष्य एकटा बसून लिहूं शकतो. त्यानें चूल पेटते व तें चांगलेंच आहे. पण त्या कामाला मावशी लागत नाहीं. आपल्या पाड्यांत चित्रें विकणारे तरुण असतील, तर त्यांनीं वर्षांतून एकदां तरी भिंतीवर लिहावें, व लिहितांना लहान मुलांच्या हातीं वाटी द्यावी.

आतां दुसऱ्या गांठीकडे वळूं.

त्याच लग्नमंडपांत पूर्वीं आणखी एक गांठ मारली जात असे. देज म्हणून वधूच्या घरीं पैसा द्यावयाचा, जातीला जेवण घालावयाचें, दारू-ताडी पुरवावयाची, आणि हातांत तर कांहींच नाहीं. मग जमीनदाराकडे किंवा सावकाराकडे जाऊन कर्ज घ्यावयाचें. त्या कर्जापोटीं नवरा, आणि पुढें त्याची बायकोही, सावकाराच्या शेतावर पोटावारी राबे. अशा मनुष्यास लग्नगडी म्हणत. कर्ज केव्हां फिटलें हें सावकाराची वही सांगे, आणि ती वही लग्नगड्याला वाचतां येत नसे. कित्येकांचा जन्म त्यांत गेला. इंग्रज सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांतही या दास्याचें वर्णन आहे. मे १९४५ मध्यें झरी येथें हजारों वारली जमले, आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं व लग्नगडी राहावयाचें नाहीं असें ठरलें. त्या लढ्यांत श्यामराव व गोदावरी परुळेकर हीं त्यांच्याबरोबर होतीं. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच वारली मारले गेले. गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत "जेव्हा माणूस जागा होतो" या १९७० सालीं निघालेल्या पुस्तकांत लिहिली आहे. ज्या उपदेशकांस व शिक्षकांस तें पुस्तक मिळेल त्यांनीं तें अवश्य वाचावें. पुढें १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार सर्व देशांत बंद झाली.

लग्न हा दोन घराण्यांस जोडणारा दिवस. त्याच दिवशीं नवरानवरी तिसऱ्याच एका घराचीं दास व्हावींत, ही केवढी उलटी गोष्ट! आणि पाहा, वडीलधाऱ्या माणसांस त्यांच्या लग्नाचें काय आठवतें असें विचारिलें, तर चौक कोणी लिहिला, गाणें कोणीं धरिलें, तारपा कोणीं वाजविला, कोण रुसलें व कोणीं समजूत घातली, हें तीं सांगतात. जेवणास खर्च किती आला हें त्यांच्या आठवणींत नसतें. तें सावकाराच्या वहींत असे. ज्या गोष्टींनीं नात्याला गांठ पडली त्यांना पैसा जवळजवळ लागला नव्हता: तांदूळ घरचे, गेरू रानांतला, काडी बांबूची, तारप्याचा भोपळा वेलीवरचा. ज्या गोष्टींना पैसा लागला त्यांनीं कर्जाची गांठ मारली.

लग्नगडी हा शब्द आज केवळ जुन्या गोष्टींत उरला आहे असें समजून कोणी निश्चिंत राहूं नये. वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळा सरतांच पाड्यांवर येतो व बयाणा देतो. तो बयाणा पुष्कळदां लग्नासाठीं, आजारासाठीं किंवा दिवाळीच्या सणासाठीं घेतला जातो. दिवाळी झाली कीं सारें कुटुंब भांडींकुंडीं व कोंबड्या घेऊन भट्टीवर जातें, तें पुढच्या पावसाच्या आधीं परत येतें. कायद्यानें मनुष्य मोकळा आहे; पण अंगावर उचल आहे तोंवर त्याचे पाय कोणाचे, हें ज्याचें त्याला ठाऊक. आणि पैशाच्या भीतीनें दुसरीही एक गोष्ट घडते: कित्येक जोडपीं लग्नविधि न करितांच संसार मांडितात, मुलें होतात, आणि कधीं कधीं बाप व मुलगा एकाच मंडपांत उभे राहून आपापलें लग्न लावून घेतात. सामुदायिक विवाहांत असे प्रसंग या जिल्ह्यांत झालेले आहेत. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. एका मंडपांत पुष्कळ जोडप्यांचें लग्न लावणें हा फार चांगला उपाय आहे असें माझें मत आहे. फक्त तेथें ध्वनिक्षेपकावर भाषणेंच होतात आणि घरच्या बायकांस गाण्यास वेळ मिळत नाहीं, ही उणीव भरून काढावी. आदल्या रात्रीं आपल्या पाड्यांत गाणें झालेंच पाहिजे. त्याला कोणाची वर्गणी लागत नाहीं.

भट्टीवर गेलेल्या मुलाचें काय होतें हाही विचार करण्यासारखा विषय आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं शेकोटीजवळ ज्या गोष्टी ऐकावयाच्या त्या तें ऐकत नाहीं, कारण गोष्टी सांगणारी आजी पाड्यावर राहिली. जें मूल आश्रमशाळेंत राहतें त्याला आजी भेटते ती सुट्टींत. तरी निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नाहीं, तर त्याच्या अंगणांत शाळा न्यावी. मूल गुरें राखावयास जातें, तर कुरणांत न्यावी, असा त्यांचा क्रम होता. खडे, पानें, बिया, शिंपले हींच साधनें. हाच क्रम घरच्या आठवणींस लावितां येतो. भट्टीवर विटा वाहून झाल्यावर रात्रीं झोंपडींत बापानें मुलाला आपल्या शेताच्या बांधांचीं नांवें सांगावीं. कोणत्या आंब्याखालीं कोण बसत असे, नव्या भाताचा पहिला घांस कोणाच्या हातून मिळे, वाघबारशीला गुराखी पोरें काय करीत, हें सांगावें. पाड्यावर परत आल्यावर मुलाला तो बांध परका वाटणार नाहीं.

आतां समुद्राकडे. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, तारापूर, चिंचणी या किनाऱ्यावरील मच्छीमार घरांत सारें घर एका कामांत गुंतलेलें असतें. पुरुष होडीवर जातात. मासळी किनाऱ्याला लागली कीं निवडणें, वाळविणें, विकणें हें बायकांकडे. जून-जुलैमध्यें मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि जाळीं दुरुस्त करण्यास घरोघर बसकण मारितात. माझ्या समजुतीनें त्या घरांची खरी शाळा हीच. आजोबा जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेतात, नातू दोरा धरितो, आणि बोलतां बोलतां उधाण कोणतें व भांग कोणती, कोणत्या वाऱ्याला होडी लोटूं नये, कोणत्या वर्षीं कोणाची होडी परत आली नाहीं, हें सारें त्याच्या कानावर पडतें. बुडालेल्या माणसाचें नांव घरांत घेतलें जातें तें असेंच, जाळें विणतां विणतां. नारळी पौर्णिमेला माहेरवाशिणी येतात. त्या नुसत्या पाहुण्या म्हणून बसत नाहींत. कामाला हात लावितात, म्हणून त्यांचें माहेर तुटत नाहीं.

याच किनाऱ्यावर एक कठीण प्रसंगही आला. तारापूरचें अणुशक्ति केंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. पुढें तेथेंच दोन मोठे संच उभारण्यांत आले, व ते २००५ आणि २००६ सालीं सुरू झाले. या दोन संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं, आणि समुद्रापासून दूर नव्या वसाहती झाल्या. ज्यांचें पोट समुद्रावर होतें त्यांना समुद्र दूर झाला. याविषयींचीं गाऱ्हाणीं न्यायालयापर्यंत गेलीं. नुकसानभरपाई घराची मिळते, जमिनीची मिळते. परंतु जुन्या गांवीं कोणाच्या ओट्याला कोणाचा ओटा लागून होता, विहिरीवर संध्याकाळीं कोणकोण भेटत, मासळी कोणत्या वाळूवर सुकत असे, याची मोजणी कोणताही सर्वेयर करीत नाहीं. नव्या वसाहतींनीं जुनींच नांवें धरून ठेविलीं, हें फार शहाणपणाचें झालें. नांव डोक्यावर घेऊन नेतां येतें.

तरी नुसतें नांव पुरत नाहीं. जुनें गांव ज्यांनीं पाहिलें त्यांतील पुष्कळ माणसें आतां उतारवयाचीं आहेत. उठलेल्या कोणत्याही गांवच्या शिक्षकानें किंवा उपदेशकानें एक मोठा कागद घ्यावा, चार म्हाताऱ्या माणसांस त्याभोंवतीं बसवावें, आणि जुन्या गांवाचा नकाशा त्यांच्या सांगण्यावरून मुलांकडून काढवावा. वाट येथें, विहीर येथें, हें घर अमक्याचें. माणसें भांडतील, "नाहीं, चिंच पलीकडे होती" असें म्हणतील. भांडूं द्यावें. त्या भांडणांतच मुलांस जितकें कळेल तितकें शांत बसून सांगितल्यानें कळणार नाहीं.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत खानदेशापासून बिहारपर्यंतचीं माणसें येऊन राहिलीं आहेत. त्यांच्या मुलांना "गांव" म्हणजे मे महिन्यांतले पंधरा दिवस. डोंगराकडचीं जीं मुलें येथें कामाला लागलीं त्यांची स्थिति त्यांहून पुष्कळ बरी आहे. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकलगाडी डहाणूपर्यंत जाऊं लागली, आणि पुष्कळ पाड्यांपर्यंत बैलगाडीशिवाय वाट नव्हती ते दिवस गेले. पाड्यावर भातलावणी असतां कारखान्यांतला मुलगा रविवारीं जाऊं शकतो. पैसे पाठविले म्हणजे झालें असें त्यानें समजूं नये. त्याच्या पैशांनीं मजूर लागेल. पण त्याचा पुतण्या त्या चिखलांत मजुराशेजारीं उभा राहील, काकाशेजारीं नव्हे.

आणखी एक गोष्ट. घराण्याचीं नांवें सांगतांना आपण बाप, आजा, पणजा असें सांगत जातों आणि बायकांचीं नांवें गाळितों. आजीचें माहेर कोणतें, पणजी कोणत्या पाड्यावरून आली, हें विचारा; बहुतेक तरुणांस सांगतां येणार नाहीं. परंतु चौक, गाणें, गोष्ट, बी राखून ठेवण्याची रीत, हें सारें त्या बायकांनींच एका घरांतून दुसऱ्या घरांत आणिलें. म्हणून वहींत वंशावळ लिहावयाची तर प्रत्येक स्त्रीचें नांव व तिचें माहेर लिहावें. आजीचा आवाज फोनमध्यें धरून ठेवितां येतो, तोही ठेवावा. मात्र ती गात असतां मुलांनीं फोन धरून बसूं नये. एकानें धरावा, बाकीच्यांनीं तिच्यामागें म्हणावें. आठवणींत कडू गोष्टीही निघतील, वांटणीचें भांडण निघेल, दारूपायीं गेलेलें शेत निघेल. तीं लपवूं नयेत, पण लहानांदेखत कोणाला त्यावरून टोंचूं नये.

ज्यांच्या घरीं येत्या वर्षीं लग्न आहे त्यांनीं एक वही करावी. एका बाजूस ज्या गोष्टींना पैसा लागेल त्या लिहाव्या: कपडे, जेवण, मंडप, वाजंत्री, आणि प्रत्येकीपुढें रक्कम लिहून तो पैसा कोठून येणार तें लिहावें. दुसऱ्या बाजूस ज्यांना माणूस लागेल त्या लिहाव्या: भिंत सारविणें, तांदूळ वाटणें, गाणें धरणें, पाणी भरणें, पत्रावळी लावणें, नवऱ्या मुलाला हळद लावणें, आणि प्रत्येकीपुढें नातलगाचें नांव घालावें, लहान मुलांचींही नांवें घालावींत. पहिल्या बाजूची बेरीज घरांत असलेल्या पैशाहून अधिक झाली, तर त्या बाजूच्या गोष्टी एक एक खोडीत जावें. दुसऱ्या बाजूची एकही खोडूं नये. मुकादम बयाणा घेऊन दिवाळीच्या आधींच येतो. तेव्हां सारें घर बसवून ही वही भाद्रपदांतच पुरी केलेली बरी.